विभागाची शाल

आमच्या विद्यापीठातल्या मराठी विभागाकडे सत्कारासाठी एकच शाल होती. मोतिया रंगाची, जांभळ्या काठाची, खऱ्या लोकरीची. कपाटाच्या दुसऱ्या खणात डांबराच्या गोळ्यांसोबत ती झोपलेली असायची. कार्यक्रम असला की बाहेर यायची, पाहुण्यांच्या खांद्यावर चढायची, फोटो निघायचा, आणि चहापान उरकलं की पाहुणे तिची नीट घडी करून खुर्चीच्या पाठीवर ठेवून जायचे.

ही प्रथा माझ्या आधीची. म्हणे एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी सत्कार झाल्यावर सांगितलं होतं, "घरी शालींचा ढीग आहे हो, पुढच्या पाहुण्यांना घाला." पुढच्या पाहुण्यांच्या ते कानावर गेलं होतं, मग त्यांना शाल नेववेना. तेव्हापासून ती कुणीच नेली नाही. आमचे पाहुणे म्हणजे या ना त्या कॉलेजातले मराठीचेच प्राध्यापक. त्यांच्याकडेही अशीच एखादी शाल फिरत असणार, त्यामुळे कुणाला काही सांगावंच लागायचं नाही. नारळ मात्र आम्ही खराखुरा द्यायचो.

विभागात रुजू झाले तेव्हा मला या प्रकाराचा रागच आला होता. पण मी सगळ्यात धाकटी, त्यामुळे दोन वर्षांत शालीला ऊन दाखवायचं काम माझ्याच गळ्यात पडलं आणि राग कुठल्या कुठे गेला. आमच्या विभागप्रमुख मॅडमनी तर ती इतक्या जणांना घातली होती की डोळे मिटूनही घातली असती. "एप्रिलअखेर मी रिटायर होणार, तेव्हा ही माझ्या खांद्यावर येणार आहे. जपून वापरा," असं त्या दर कार्यक्रमाला म्हणायच्या. हसत म्हणायच्या, पण न चुकता म्हणायच्या.

त्या वर्षी मराठी भाषा दिनाला आम्ही पहिल्यांदाच प्राध्यापक नसलेला पाहुणा बोलावला. ठाण्याजवळच्या बाळकुमचे एक काका, पंचाहत्तरीचे. तरुणपणी मिठागरात राबलेले. आता त्यांच्या जमिनीवर टॉवर उभे आहेत आणि शेजारच्या दुमजली घरात ते राहतात. मिठागरातले आणि खाडीकाठचे शब्द त्यांनी तीन फुलस्केप वह्यांत उतरवून ठेवले होते. मीठ धरण्याआधी पाण्याचा रंग कसा कसा बदलतो आणि त्या प्रत्येक रंगाला काय म्हणतात, हे ते तासभर सांगत होते. पोरांनी एकदाही मोबाइल काढला नाही. मॅडमनी शाल घातली, फोटो झाला, चहा झाला. काकांनी नारळ पिशवीत टाकला आणि शाल खांद्यावर तशीच ठेवून ते निघाले. आम्ही सगळे पायऱ्यांवर उभे राहून हात हलवत होतो. रिक्षा वळल्यावर आमच्यातले एक सर हळूच म्हणाले, "शाल कुठेय?"

आधी आम्ही पोट धरून हसलो. मग भांडलो. काकांना कुणी सांगायला हवं होतं? आणि सांगायचं तरी काय, सत्कार संपला, आता शाल काढा? मार्च परीक्षांमध्ये गेला. एप्रिल आला, मॅडमचा निरोप समारंभ आठ दिवसांवर आला, तेव्हा सरांनी मला गाठलं. पुढचे विभागप्रमुख तेच होणार होते.

"अगं, मॅडमना तीच शाल हवीय, तुला माहितेय. तू एक कर, नौपाड्यातून नवी कोरी लोकरीची शाल घे आणि बाळकुमला जाऊन बदलून आण. सांग, चुकून दुसऱ्या पाहुण्यांची तुमच्याकडे आली."

"सर, हे मी सांगू?"

"तू गोड बोलतेस."

मी अजिबात गोड बोलत नाही. पण मॅडमनी मला हाताला धरून शिकवलं होतं, त्यांच्यासाठी मी गेले.

काकांच्या घराला कुलूप होतं. समोरच्या गल्लीत हळदीचा मांडव पडला होता आणि तिथे दुपारी चारच्या उकाड्यात, पांढऱ्या शर्टावर आमची शाल घेऊन काका पुढच्याच खुर्चीत बसले होते. कपाळावरून घाम ओघळत होता. मला बघून ते ताडकन उठले.

"ह्या बगा आमचे कॉलेजाच्या बाई! बाई, बरा झाला आलाव. आता तुमीच सांगा या सगल्यांना. तुमी मना शाल दिली का नाय? ह्ये बोलतान, ठान्यान इकत घेतली!"

मांडव हसला. काका हसत नव्हते. सगळी डोकी माझ्याकडे वळली. हातातली नौपाड्याची पिशवी मी पाठीमागे नेली.

"दिली," मी म्हटलं. "आमच्या मॅडमनी स्वतः घातली. मान म्हणून दिली."

"मी बोलत व्हती ना!" काकांच्या मागे बसलेल्या काकी शेजारणीवर खेकसल्या. काका खाली बसले आणि त्यांनी शालीचा काठ गुडघ्यावर सारखा केला. मला इतकं बरं वाटलं की मी नको नको म्हणत दोनदा जेवले.

सरांना मी थाप मारली, काका भेटलेच नाहीत म्हणून. मॅडमशी मात्र खोटं बोलवेना. दुसऱ्या दिवशी त्यांच्या केबिनमध्ये उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. त्यांनी मान खाली घातली. मला वाटलं, दुखावल्या. मग त्यांचे खांदे हलायला लागले. हसून हसून डोळ्यांत पाणी आलं, त्यांनी चष्मा काढला.

"म्हणजे इतक्या वर्षांत आपण सत्कार एकाच माणसाचा केला म्हणायचा! बाकीच्यांना नुसती शाल घालून बघितली. अगं, त्यांना समारंभाला बोलाव. माझी शाल त्यांच्याच हातून घेईन."

काका आले, अर्थातच आपली शाल घेऊन. नौपाड्याची नवी शाल त्यांनी मॅडमच्या खांद्यावर घातली. दोन शालींचा एक फोटो निघाला. भाषणं लांबली, सर रडले, सामोसे गार झाले.

नंतर मी कप गोळा करत होते तर खुर्चीच्या पाठीवर नवी शाल दिसली. काठाला काठ जुळवून केलेली ती घडी मॅडमचीच होती. मला रागही आला आणि रडूही. शाल उचलून मी पायऱ्या उतरत धावले. मॅडम गेटपाशी रिक्षावाल्याशी बोलत होत्या.

मी घडी मोडली आणि शाल त्यांच्या खांद्यावर घातली.

"अगं, राहू दे ना विभागाला. पुढच्या पाहुण्यांना..."

"नाही मॅडम. ही दिलीय."

 मग भर एप्रिलच्या उन्हात मॅडम ती लोकरीची शाल अंगाभोवती घट्ट ओढून घेऊन रिक्षात बसल्या.