फुकटचं सॉफ्टवेअर आणि सुनंदाताईंची टेस्ट

काल दुपारी वडोदऱ्यातल्या वासणा भागातल्या क्लासमध्ये शिकवत होते आणि सुनंदाताईंचा फोन आला. त्यांना धड बोलता येईना... नुसतं "मॅडम, मॅडम" चाललं होतं. टेस्ट बिघडली, असंच मला वाटलं.

कसली टेस्ट, ते आधी सांगते.

मी या क्लासमध्ये बायकांना फोटो एडिटिंग शिकवते. रुजू झाले त्या दिवशी क्लासचे मालक मनीषभाई यांनी माझ्या हातात एक सीडी ठेवली. सगळे स्टुडिओवाले वापरतात ते महागडं सॉफ्टवेअर... आणि त्याची लायसन्स-की सीडीवरच मार्करने लिहिलेली! चोरीची कॉपी, दुसरं काय.

मी म्हटलं, यावर मी शिकवणार नाही. मनीषभाई हसले. "बेन, आखा वडोदरामां बधा आ ज वापरे छे."

सगळं वडोदरं हेच वापरतं म्हणे. वापरू देत की! पण चोरीच्या कॉपीवर शिकवायचं, वर फी घ्यायची आणि सर्टिफिकेटवर 'प्रोफेशनल' छापायचं... मला नाही जमणार.

मी गिम्प नावाचं सॉफ्टवेअर घेऊन आले. फुकट मिळतं, कायद्याने मिळतं, कुणीही नेटवरून उतरवून घ्यावं. फोटोवर थर चढवा, नको तो भाग मास्कने झाका, डाग पुसा... आमच्या कामाला लागतं ते सगळं त्यात आहे. आणि घरातल्या जुन्या, धापा टाकणाऱ्या कॉम्प्युटरवरसुद्धा चालतं.

मनीषभाईंनी मला काढलं नाही, पण मागची खोली दिली आणि भर दुपारची वेळ. या खेपेला नाव घातलेल्या बायका दोन दिवस बसायच्या, "मार्केटमां जे चाले ते शिकवा ना" म्हणायच्या आणि पुढच्या खोलीतल्या बॅचला निघून जायच्या. शेवटी पाच जणी उरल्या.

त्यातल्या एक सुनंदाताई. मूळच्या जळगावकडच्या. त्यांचे मिस्टर मकरपुऱ्याला ज्या कंपनीत होते ती गेल्या दिवाळीनंतर बंद पडली. आल्या तेव्हा माऊस कसा धरायचा तेही त्यांना माहीत नव्हतं. पण दिरांचा जुना कॉम्प्युटर मागून आणला, त्यावर गिम्प टाकलं आणि स्वयंपाक झाला की त्या बसायच्याच. घरातल्या सगळ्या लग्नांचे अल्बम दुरुस्त करून झाले!

गेल्या आठवड्यात त्यांनी एका मोठ्या स्टुडिओच्या दारावर पाटी पाहिली... एडिटर हवा. "जाऊ का, मॅडम?" मी म्हटलं, नक्की जा.

म्हटलं खरं... पण घरी परत येईपर्यंत माझा धीर सुटला. तिथे गिम्प कुठून असणार? इतके दिवस मी तोऱ्यात बोलत होते, पण हुकणारी नोकरी माझी नव्हती. हुकली असती ती त्यांची, आणि त्यांना तिची किती गरज होती ते मला ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी मी कपाटातून ती सीडी काढली. म्हटलं, ताई, दोन दिवस याच्यावर बसू. मेनू तरी ओळखीचे होतील.

सुनंदाताईंनी सीडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मॅडम, एवढं भांडलात आणि आता माझ्यासाठी वाकणार? राहू द्या. मला काम येतं." मी गुपचूप सीडी आत ठेवली.

आणि काल टेस्ट होती. जरा दम खाल्ल्यावर त्यांनी फोनवर सगळं सांगितलं.

लग्नाचा ग्रुप फोटो दिला होता. त्यात नवरीच्या आजोबांचे डोळे मिटलेले. दुसऱ्या फोटोत डोळे उघडे, पण चेहऱ्यावर उजेड वेगळा. तो चेहरा इकडे बसवायचा, वीस मिनिटांत. सॉफ्टवेअर अर्थातच तेच महागडं. एकही बटण ओळखीच्या जागी नाही. कुठे शिकलात, असं शेजारच्या एडिटरने विचारलं आणि उत्तर ऐकून तो चक्क हसला.

पाच मिनिटं शोधाशोधीत गेली. मग सुनंदाताईंनी सरळ मालकांनाच हाक मारली. "भाईसाब, इसमें मास्क कहाँ है, उतना बताओ. बाकी मुझे आता है."

त्यांनी बोट ठेवून दाखवलं. त्यानंतर ताईंनी कुणाला काही विचारलं नाही.

वेळ संपली तेव्हा मालक फोटो मोठा करून करून जोड शोधत होते. सापडेना. गळ्याजवळची सावलीसुद्धा जुळलेली! "कहाँ सीखा?" ताईंनी गिम्पचं नाव सांगितलं. मालकांनी ते कधी ऐकलंच नव्हतं. "मुफ्त आता है," ताई म्हणाल्या, "और एकदम ओरिजिनल. आपका?"

मालक नुसते हसले. मग म्हणाले, "सोमवार से आ जाओ. और वो आपवाला भी डाल देना, देखें तो सही."

मी फोन ठेवला आणि वर्गात सांगितलं. उरलेल्या चौघींनी बाकं बडवली! मनीषभाई काय झालं म्हणून डोकावले, ऐकलं आणि म्हणाले, "लक छे, बेन."

असू दे. लक म्हणा, काहीही म्हणा. पुढची बॅचसुद्धा गिम्पवरच होणार, पाचाच्या जागी दोघी आल्या तरी.

सुनंदाताई, तुम्ही हे वाचालच, म्हणून इथेच लिहिते. हट्ट माझा होता, पण परीक्षेला बसलात तुम्ही... आणि मी डगमगले तेव्हा मला सावरलंतही तुम्हीच. मनापासून आभार.