कूलर बंद करा, रेकॉर्डिंग चालू आहे

दाखवतात पण ठेवू देत नाहीत, या एका गोष्टीवर आमच्या साडूंइतका जळफळाट साऱ्या वऱ्हाडात कोणी केला नसेल. अॅपवर कार्यक्रम हवा तितक्यांदा बघा. उतरवून घ्यायला गेलात की मोबाइलमध्ये नुसता काळा पडदा. कंपनीनं तशी तजवीजच केलेली असते. "डोयाले दिसते, कानाले आयकू येते, त्याले कुलूप कसं लागन?" असं ते मला दर भेटीत दरडावून विचारतात, जणू ते कुलूप मीच लावलंय.

त्यांचा तोडगा म्हणजे टीव्हीसमोर स्टूल, त्यावर गव्हाचा डबा आणि डब्याला टेकवलेला मोबाइल. मग पंखा बंद, कुकर बंद आणि घरघर नको म्हणून कूलरही बंद. मे महिन्यात, अकोल्यात! मी अमरावतीहून जुन्या शहरातल्या त्यांच्या घरी पाहुणचाराला जातो आणि भट्टीत बसून येतो. एकदा मेहुणीला शिंक आली, तर त्यांनी अख्खं कीर्तन पहिल्यापासून लावलं. गल्लीत भाजीवाला ओरडला तेव्हा त्याला गप्प करायला गेले आणि पिशवीभर वांगी घेऊन परतले. एवढं करून उतरवलेलं पुन्हा कधी बघत नाहीत. मी चिडलो की म्हणतात, "पाहाचं कोनाले हाये? त्यायनं काढून टाकलं तं?"

यंदा मात्र त्यांची घाई खरी होती. त्यांचे थोरले भाऊ अंजनगाव सुर्जीचे, खंजिरी भजनातले नावाजलेले गायक. अर्धांगाच्या झटक्यात त्यांची वाचा गेली. त्यांच्या भजनी मंडळाचा एक जुना कार्यक्रम अॅपवर होता, तोही महिनाअखेरीला तिथून काढला जाणार होता. जगाचं सगळं उतरवणाऱ्या या माणसाकडे सख्ख्या भावाचं एक भजन नव्हतं. दादा काय, केव्हाही गाईल, असं वाटलं असावं.

भाऊंना मुद्दाम आणून टीव्हीसमोर बसवलं. आम्ही घामाघूम आणि चिडीचूप. भजन रंगात आलं आणि ध्रुवपदाशी भाऊंच्या घशातून आवाज फुटला. शब्द नव्हतेच, घोगरा सूर तेवढा टीव्हीतल्या आवाजामागे धडपडत होता. मेहुणीनं घाबरून साडूंकडे पाहिलं. ते उठले. आता हे आजारी भावालाही गप्प करणार, या विचारानं माझं डोकंच फिरलं. पण त्यांनी मोबाइल उचलला आणि टीव्हीवरून भाऊंकडे वळवला.

"गा दादा," ते हळूच म्हणाले. "आमी आयकून राहिलो."

कार्यक्रम आता अॅपवर नाही. भाऊ अंजनगावला परतले, त्यांच्या तोंडून पुन्हा सूर निघाला नाही. साडूंच्या मोबाइलमध्ये टीव्हीवरचं अर्धंच भजन आहे, पुढे शेवटपर्यंत भाऊच दिसतात. मागे त्यांचाच जुना खणखणीत आवाज चाललेला असतो, पण साडूंचं तिकडे लक्ष नसतं. तो घोगरा सूर सुरू झाला, की ते मोबाइल कानाशी धरतात.