बांधावरचा शिक्का

समोर माणूस बसला की बाई टेबलावर ओल्या बोटाने एक रेघ ओढायच्या आणि बटव्यातला चिंचोका काढून बरोबर त्या रेघेवर ठेवायच्या. "हाऊ तू," म्हणायच्या. रेघ वाळायच्या आत सगळं समजावून व्हायला हवं, म्हणून त्या आधी पंखा बंद करायच्या. आम्ही बाकीचे घामाघूम होऊन बसायचो.

तळोद्याच्या एका दवाखान्यात मी रक्त तपासतो. बाई तिथे कंत्राटावर दुभाषी होत्या. सातपुड्यातल्या पाड्यांवरून येणारी माणसं घरी पावरी नाहीतर भिली बोलतात, डॉक्टर इंग्रजी मिसळलेलं मराठी बोलतात, आणि मी ब्राह्मणपुरीचा, माझी अहिराणी. या सगळ्यांच्या मधे बाईंची खुर्ची होती.

तुम्हीही पाहिलं असेल, आपण काही समजावतो, समोरचा मान हलवतो, आणि आपण खूश होतो. बाईंना त्या मान हलवण्यातला फरक कळायचा. त्या मला मधेच थांबवायच्या. "हाऊ शब्द कामना नही, भाऊ." मी म्हणायचो, कामाचा कसा नाही, छापील शब्द आहे, वरून आलाय. त्या पुन्हा तेच म्हणायच्या. दिवसातून दहा वेळा हे वाक्य ऐकून मी अक्षरशः कातावून जायचो. बाहेर रांग लागलेली आणि ही बाई शब्द निवडत बसलेली.

इंग्रजी शब्दांवर त्यांचा राग नव्हता. रिपोर्ट, सलाईन, लाइन हे शब्द डोंगरात कधीच रुळले होते, त्या स्वतःही ते वापरायच्या. त्यांचं म्हणणं एवढंच, की शब्द जीपमध्ये बसून वर जातो, पण उतरल्यावर तो कुणाच्या घरी राहील आणि कसा वागेल ते ड्रायव्हरच्या हातात नसतं. करोनाच्या साथीत 'पॉझिटिव्ह' असाच वर गेला. पॉझिटिव्ह म्हणजे ज्याच्या दारापुढे बांबू आडवा लावायचा तो माणूस, एवढंच लोकांनी लक्षात ठेवलं. साथ गेली, शब्द तिथेच राहिला.

आणि आम्ही तोच शब्द सिकलसेलच्या कार्डावर लिहीत होतो.

सिकलसेल हा रक्ताचा आजार आमच्याकडे बऱ्याच घरांत आहे. काहींना तो होतो. काहींच्या रक्तात तो नुसता असतो, त्यांना त्रास नसतो. फक्त नवरा-बायको दोघंही तसेच असले, तर मुलाला आजार होऊ शकतो. या दुसऱ्या लोकांना छापील भाषेत 'वाहक' म्हणतात. एका मुलीच्या कार्डावर मी 'वाहक, पॉझिटिव्ह' असं सुवाच्य अक्षरात लिहिलं आणि आठवड्याभरात तिचं ठरलेलं लग्न मोडलं. तिचा बाप कार्ड घेऊन माझ्यापुढे उभा राहिला. पोरीला ताप नाही, खोकला नाही, मग तुम्ही हे का लिहिलं, असं विचारत होता. माझ्याकडे उत्तर होतं, पण त्याला कळेल असं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी बाई मला जीपमध्ये घालून लग्न मोडणाऱ्या मुलाच्या पाड्यावर घेऊन गेल्या. पंचांसमोर जमिनीवर बोटाने रेघ ओढली, चिंचोका ठेवला. आजार म्हणजे वावर, त्या पावरीत म्हणाल्या आणि मला अहिराणीत सांगितलं, "पोरगी वावरमा नही, बांधवर शे." दोघं बांधावरचे एकत्र आले तरच पोर वावरात पडायची भीती. तेव्हा आधी मुलाचं रक्त बघू द्या. मुलगा कुरकुरला, पण त्याने हात पुढे केला. त्याचं रक्त साफ निघालं. लग्न झालं.

त्यानंतर माणसं माझ्या खिडकीशी येऊन स्वतःच विचारू लागली, वावरात की बांधावर? मी इतकी वर्षं नोकरी करतोय, रिपोर्टबद्दल इतका नेमका प्रश्न मला कुणी विचारला नव्हता.

बाईंना तो शब्द कार्डावर हवा होता. अर्ज केले, उत्तर आलं नाही. शेवटी आम्ही दोघं जीप स्टँडजवळच्या दुकानात गेलो आणि 'बांधावर' असा रबरी शिक्का करून आणला. अक्षर मोठं काढा, हे मीच सांगितलं होतं.

मग तपासणीला साहेब आले. कार्डं बघून म्हणाले, हा शब्द मंजूर यादीत नाही, शिक्का कुणी केला? त्यांनी मला विचारलं, कारण रजिस्टर माझं. बाई शेजारीच उभ्या होत्या.

"मला माहीत नाही, साहेब," मी म्हणालो.

बाईंनी माझ्याकडे पाहिलंही नाही. मी केला, म्हणाल्या.

पुढच्या करारात त्यांचं नाव नव्हतं. शिक्क्याचा त्याच्याशी संबंध नाही, असं सगळे सांगतात. मीही सांगतो. शेवटच्या दिवशी त्यांनी तो माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवला. "ऱ्हाऊ द्या भाऊ. हाऊ कामना शे." चेहऱ्यावर राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं. पुढे कुणी सांगितलं त्या नवापूरला कोंबड्यांच्या फार्मवर आहेत, कुणी सांगितलं सुरतला गेल्या. फोन लागत नाही. शोधायला मी गेलो नाही.

आता कार्डं कॉम्प्युटरवर निघतात. शब्द तेच, छपाई चकचकीत. परवा एक आई मुलीला घेऊन आली. कार्ड तिने उलटसुलट केलं आणि शिक्का कुठे आहे, असं विचारलं. मी 'वाहक' समजावला. तिने मान हलवली. ती मान मी ओळखली. उठून पंखा बंद केला, ओल्या बोटाने रेघ ओढली. चिंचोका नव्हता, पेनचं टोपण ठेवलं. मग ड्रॉवर उघडला. शाईचं पॅड पार वाळलेलं. त्यावर पाण्याचे चार थेंब टाकून शिक्का दाबला. फिकटच उमटला, पण तिला तो पुरला. तिने कार्ड नीट घडी करून ठेवलं.

दाराशी ती थांबली. "ती बाई कोठे शे?"

"माहीत नाही," मी म्हणालो. या वेळी ते खरं होतं.