वृषालीबाईंची उलटी प्रदक्षिणा

आमच्या रिहे गावच्या शाळेतल्या वृषालीबाई सूसहून स्कूटीवर येतात. पोरांच्या हातात काहीतरी दिल्याशिवाय त्यांचा धडा सुरूच होत नाही. दिवस-रात्र कशी होते ते शिकवायला त्यांनी भोपळा फिरवला होता. नंतर त्याची भाजी झाली, तीही पोरांनी खाल्ली.

यंदा शाळेच्या अंगणात नव्या खोलीची खडी-वाळू पडली. म्हणून एका शनिवारी ग्रह शिकवायला बाईंनी भैरवनाथाच्या देवळाचं पटांगण मागितलं. फाटकाची किल्ली पुजारी बहिरूआबांकडे. ते म्हणाले, "आजच्या दिस बघतो. येडंवाकडं दिसलं तर कुलूप."

बाईंनी मधे तांब्याची घागर उपडी ठेवली. तो सूर्य. मी शाळेत खिचडी शिजवते; भोवती रांगोळीचं कडं मीच काढून दिलं. चौथीतली अपेक्षा पृथ्वी झाली. तिनं घागरीला हात जोडले आणि घागर उजव्या हाताला ठेवून चालू लागली.

"उलटी जा गं, सूर्य डाव्या हाताला. आणि चालताना स्वतःभोवतीही फीर, डावीकडेच."

पोरगी हलेना. "बाई, देवळात उलटी प्रदक्षिणा? पाप लागंल."

आबा पायरीवरून उठलेच. "झालं! लावतो कुलूप."

मला वाटलं, बाई आता 'जाऊ दे, सुलटीच फीर' म्हणतील. पण नाही. "आबा, चुकीचं शिकवून मी पोरांना घरी नाही पाठवणार. पटांगण नाही दिलंत तर रस्त्याकडेला शिकवीन. पण आधी एक करा. बोट डोक्यावर धरा, वर बघत घड्याळाच्या काट्यासारखं गोल फिरवा. थांबू नका. फिरवत फिरवत कमरेपर्यंत खाली आणा. आता वरनं बघा."

आबांबरोबर सगळी पोरंही बोटं फिरवू लागली.

"आरं तिच्या! उलटं कसं झालं? म्या तर थांबलो बी न्हाई."

"बोट तेच, बघायची बाजू बदलली. पृथ्वी उत्तरेकडनं बघितली तर उलटी फिरते, दक्षिणेकडनं सुलटी."

"मंग देव कुठनं बघतो?"

"ते तुम्हीच सांगा. पूजा तुम्ही करता."

आबांनी गाभाऱ्याकडे पाहिलं. "त्यो समदीकडनं बघतो. त्याला काय उलटं अन् काय सुलटं! फीर गं पोरी."

अपेक्षा अशी गरगरली की घागरीवरच आदळली. सूर्य गडगडत पायरीपाशी गेला.

"ह्यो कसला सूर्य! सरका," म्हणत आबा धोतर सावरून स्वतःच मधे बसले. "पर मी हलणार न्हाई."

"सूर्यानं जागा सोडायचीच नसते, आबा."

पुढच्या शनिवारी बाईंची स्कूटी यायच्या आधीच फाटक सताड उघडं होतं, आणि आबा मधोमध बसलेले.