साठ फुटांवर लागलेलं पाणी

अन्याय झाला तो रेल्वेतून निवृत्त झालेल्या एका तिकीट तपासनिसावर आणि त्यांच्या बायकोवर. कधी झाला, तेही सांगतो. गणपती विसर्जनानंतरच्या मंगळवारी, दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी. ती दुपार अजून माझ्यासमोरून हलत नाही. त्या मिनिटाला बाईंनी नवऱ्याला फोन केला होता, आणि त्यांचं बोलणं माझ्या केस डायरीत माझ्याच अक्षरात आहे : "पाणी पहिल्या पायरीला लागलंय. तुम्ही घाई करू नका, रस्त्यात अडकाल."

नवरा काचीगुड्याला औषधं आणायला गेला होता. तो परतला तेव्हा गल्लीत छातीइतकं पाणी होतं. बाई देवघरात सापडल्या.

मी तेव्हा हैदराबादेत त्या हद्दीच्या ठाण्यात इन्स्पेक्टर होतो. पंचनामा केला, अपघाती मृत्यूची नोंद केली, फाइल मिटली. निसर्गाचा कोप, असं आम्ही पोलीसही म्हणून टाकतो. या दोन शब्दांच्या आड किती माणसं लपतात, हे मला तेव्हा कळत नव्हतं.

दोन महिन्यांनी ठाण्यात एक निनावी पत्र आलं. टाइप केलेलं, सफाईदार इंग्रजीत. मजकूर असा की, घराजवळ तलाव आहे आणि घरात पूर्वीही पाणी शिरलंय हे म्हाताऱ्याला पहिल्यापासून माहीत होतं, त्याने ते विमा कंपनीपासून लपवलं, आता खोटा दावा लावलाय. मी कंपनीकडून त्यांचा अर्ज मागवला. त्यात दोन प्रश्न होते. घराजवळ तलाव किंवा नाला आहे का? या जागेत पूर्वी पाणी शिरलं होतं का? दोन्हींपुढे 'नाही'वर खूण. खाली सही, मराठीत, ठसठशीत.

केस तयार आहे, असं मला वाटलं. मी त्यांना बोलावलं.

ते इस्त्रीचा शर्ट घालून आले. हातात प्लॅस्टिकची फाइल. मी बसा म्हटलं नाही.

"सही तुमची?"

"माझीच, साहेब."

"आणि खुणा?"

"त्या माझ्या नाहीत. प्लॉट विकून घर बांधून देणाऱ्यांच्या ऑफिसातलाच पोरगा विम्याचंही बघायचा. म्हणाला, अंकल, सब नॉर्मल है, आप बस नीचे दस्तख़त करो. मी केली."

"जन्मभर लोकांची तिकिटं तपासलीत. दारात उभ्या राहिलेल्या माणसाची नियत ओळखलीत. आणि स्वतःचा एक कागद वाचता आला नाही?"

हे मी बोललो. बायको जाऊन दोन महिने झालेल्या माणसाला. चौकशीत आरोपीला टोचावं लागतं, असं आम्हाला शिकवलेलं असतं. तो आरोपी नाही, हे कळायला मात्र शिक्षण पुरत नाही.

त्यांनी हातातली फाइल उघडली. मग म्हणाले, "साहेब, चोरी लपवणारा माणूस पेढे वाटतो का?"

"कसले पेढे?"

"बोअरचे. घर बांधताना बोअर मारली. साठ फुटांवर पाणी लागलं, धो धो. इथे लोक हजार फूट जातात आणि धूळ काढतात. आम्हाला वाटलं, गंगा आली दारी. हिनं बोअरच्या पाइपला हळदकुंकू लावलं, खणानारळाने ओटी भरली. मी अख्ख्या लेआऊटमध्ये घरोघरी पेढे वाटले. हा बघा, फोटोसुद्धा आहे."

फोटोत बाई हिरव्या साडीत, पाइपपाशी वाकलेल्या. हसत होत्या.

माझा हेड कॉन्स्टेबल तेलुगू माणूस, जन्म याच भागातला. तो दारात उभा होता. तो हळूच म्हणाला, "सर, साठ फुटांवर? ते नशीब नाही. ते चेरुवुचं पोट आहे." चेरुवु म्हणजे तलाव.

मी पेन खाली ठेवलं. मी स्वतः शेतकऱ्याच्या घरचा. चिक्कडपल्लीतल्या माझ्या घराची बोअर आठशे फुटांवर कोरडी पडलेली. पाणी इतक्या वर का असतं, हे मला त्याच क्षणी सुचायला हवं होतं. मी सही बघत बसलो होतो.

"बसा, काका," मी म्हणालो. उशिरा म्हणालो.

दुसऱ्या दिवशी आम्ही नारळवाल्याला शोधलं. आमच्याकडे बोअर मारण्याआधी हा माणूस बोलावतात. तळहातावर नारळ आडवा ठेवून तो जमिनीवरून चालतो. नारळ उभा राहिला की खाली पाणी. तुम्ही हसाल, पण हैदराबादेत भले भले इंजिनिअर त्याच्या मागे चप्पल काढून चालतात. तो जवळच्याच जुन्या वस्तीत राहत होता.

"उस प्लॉट में नारियल खड़ा हुआ था क्या?" मी विचारलं.

तो हसला. "साब, नारियल निकाला इच नहीं मैं. वहाँ ज़मीन कू लात मारो तो पानी आता. बचपन में भैंसां धोते थे हम वहाँ."

"फिर बोला क्यों नहीं?"

"बोला ना साब! सेठ कू बोला. सेठ बोले, तू पानी ढूंढ, बातां नक्को ढूंढ." सेठ म्हणजे प्लॉट विकून घरं बांधून देणारा मालक. मग तो म्हणाला, "हद का पत्थर देखना है? उनों के घर की सीढ़ी में है."

आम्ही त्या घरी गेलो. तलाव काठोकाठ भरला की पाणी जिथवर येतं, तिथे सरकारने हद्दीचे दगड रोवलेले असतात. त्या रेषेच्या आत घर बांधता येत नाही, तिच्याबाहेरचा एक पट्टाही मोकळा सोडावा लागतो. इथे दगड उपटून टाकलेले. काकांनी प्लॉट घेतला तो मे महिन्यात. तेव्हा पाणी लांब, कंपाउंडच्या भिंतीपलीकडे आटलेलं. कुणाला दिसणार?

चार माणसांनी पहारीने पहिली पायरी उलटली. खालच्या बाजूला चुन्या-सिमेंटच्या लगद्याआड तलावाच्या हद्दीची अक्षरं कोरलेली होती, आणि दगडाचा क्रमांक.

काका बाजूला उभे होते. "ही रोज सकाळी त्याच्यावर रांगोळी काढायची," एवढंच बोलले.

पुढचं काम मग पोलिसी काम होतं. शेजारच्या घरांचे विम्याचे अर्ज मागवले. सगळ्यांवर त्याच जागी त्याच हाताच्या खुणा. तो विम्याचं बघणारा तरुण तासाभरात बोलता झाला. "सर, हाँ लिखता तो घर कौन लेता?" निनावी पत्रही त्याच ऑफिसातलं. दावा पुढे गेला असता तर जागेची मोजणी झाली असती, म्हणून म्हाताऱ्यालाच खोटं पाडायचं. आणि त्यासाठी त्यांना माझं ठाणं सोयीचं वाटलं. ते बरोबर होते, हे मला आजही झोंबतं.

सेठला आणि त्या तरुणाला अटक झाली. जामीनही झाले. खटला चालू आहे, विम्याचं प्रकरण ग्राहक आयोगात आहे. काकांनी मला निकालाबद्दल कधी विचारलं नाही. विचारलं ते एकच, ठाण्याच्या पायऱ्या उतरताना.

"म्हणजे मी खोटं लिहिलं नव्हतं ना, साहेब?"

"नाही, काका."

"एवढंच हिला सांगायचं होतं."

या केसने मला काय शिकवलं? की पूर पाण्याने येतो, पण बुडवतो तो कागद. न वाचलेला, दुसऱ्याने भरलेला, आपण सही केलेला. आता मी निवृत्त आहे. आमच्या भागातल्या पोरांबरोबर लेआऊट-लेआऊट फिरून पत्रकं वाटतो. लोक म्हणतात, साहेब, आमच्याकडे कधी पाणी येत नाही. त्या बाईंच्या घरीही कधी आलं नव्हतं.

तेव्हा उपदेश नको, काम करा. आज घरी गेल्यावर विम्याचा कागद काढा. पुराचं नुकसान त्यात धरलंय का, ते शोधा. तलाव-नाल्याच्या प्रश्नापुढे कुणी काय लिहिलंय, ते स्वतः वाचा. चुकीचं असेल तर कंपनीला लेखी कळवा, पोच घ्या. सर्व्हे नंबर घेऊन तहसील कचेरीत जा आणि तलावाच्या हद्दीचा नकाशा मागा. नाही दिला तर माहितीच्या अधिकारात अर्ज टाका. वस्तीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा, म्हशी कुठे धुवायचात.

आणि तुमची बोअर साठ फुटांवर लागली असेल, तर पेढे वाटू नका. पहार आणा. दारातली पहिली पायरी उलटून बघा.