फोनने उतरवून घेतलेला होकार

आमच्या घराण्यात लिहिण्याचं काम आजोबांपासून अंगठ्यावर चालत आलं आहे. आजोबा शाई लावून अंगठा उठवायचे. बाबांनी जिद्दीने पेन धरलं. सही करताना त्यांची जीभ बाहेर येते, पण सही होते. मी सातवीत शाळा सोडली, पुढे मोबाइल घेतला आणि पुन्हा अंगठ्यावर आलो! एक ओळ टाइप होईपर्यंत चहा थंड व्हायचा.

मग फोनात माइकचं बटन सापडलं. तोंडाने बोला, अक्षरं आपोआप उमटतात! मी गुजरातेत कापडाच्या कारखान्यात घड्या घालतो. शेलूबाजारजवळचं आमचं गाव तिथून रात्रभराची गाडी आणि वर एक जीप, एवढं लांब. बोलायला भीत नाही, पण लेखी काही कळवायचं म्हटलं की मी टाळायचो. त्या बटनाला मी मनोमन हात जोडले. तोवर माझं सगळं लेखी काम धाकटी बहीण शीतल करायची. नर्सिंग शिकत होती ती. वेलांटी कोणती, मात्रा कुठे, हे तिने मला फोनवरून शिकवलं आणि कधी हसली नाही. (एकदा हसली. ते बरोबरच होतं.)

तर शीतलला कामरगावचं स्थळ आलं. मुलाचे वडील एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. आमचे लोक घर पाहून आले, मुलगा शीतललाही आवडला. कंडक्टरकाका म्हणाले, "तोंडचं बोलणं हवेत जाते. होकार लिवून पाठवा." आता नवरीने स्वतःचा होकार स्वतः कसा लिहायचा? बाबा मला म्हणाले, "तू मोठा भाऊ आहे. तूच लिव."

जेवणाच्या सुट्टीत मी कारखान्याच्या जिन्यात बसलो. खोलीवर सोबत राहणाऱ्या दिलीपचा फोन मागून घेतला, त्यावरून घरी फोन लावला आणि स्पीकर मोठा केला. मी बोलणार, घरचे ऐकून पास करणार. माझ्या फोनवर माइक दाबला. एका हातात घर, एका हातात होकार!

"आदरणीय काका, सविनय नमस्कार. आपलं स्थळ आम्हाला मनापासून पसंत आहे."

"मनापासून कायले?" माय म्हणाली. "पोरीवाले आहो म्हणून इतकं लवाव काय? पोह्यात एक शेंगदाणा नव्हता. तिकिटासारखे मोजून देल्ले!"

"हळू बोल वो," बाबा म्हणाले. "आयकू जाईन त्यायले."

"कसं आयकू जाईन? ते कामरगावले, आपण इथं!"

"तेबी खरंच. पण पोरगा काहून तोंडच उघडत नाही? दात तं आहेत ना त्याले?"

तेवढ्यात मागून शीतलचा आवाज आला. "दादा, माह्यं शेवटलं वर्ष राह्यलं. ते पुरं करू देतीन का, हे कोणी पुसलंच नाही. तेवढं लिव ना."

"चूप बस," माय म्हणाली. "होकारात अटी टाकत नसतात. स्थळ हातचं जाईन."

जिने मला वेलांटी शिकवली, तिला मी काय म्हणावं? "मंग पाहू, शीतल." भ्यालो, दुसरं काय! तेवढ्यात भोंगा वाजला, सुट्टी संपली. मी 'कळावे' म्हटलं आणि न वाचता पाठवून दिलं. (मी वाचायला बसलो असतो तर दुसरी पाळी सुरू झाली असती.)

कापडाच्या गठ्ठ्यांमागे जाऊन फोन पाहिला. निरोप हातभर लांब! 'मनापासून पसंत आहे मनापासून कायले पोरीवाले आहो म्हणून...' एरवी हे बटन माझी वऱ्हाडी ऐकून भलतंच लिहायचं. त्या दिवशी मात्र एक शेंगदाणा सोडला नाही! खाली दोन निळ्या खुणा आलेल्या. खोडायला गेलो तर दोन पर्याय आले. दोन्हींच्या शेवटी 'हटवा' होतं, मी तेवढंच वाचलं. निरोप हटला. फक्त माझ्या फोनातून!

घरी फोन लावला.

"काय काय लिवलं गेलं?" बाबा म्हणाले.

"पोह्यापर्यंत वाचलं. पुढचं मायीत नाही."

"अन् दात?"

"दात पोह्याच्या मागंच होते, बाबा."

मायने फोन ओढून घेतला. "पोरीचं लग्न मोडलं तू!"

कामरगाव दोन दिवस मुकं होतं. मला कापडाच्या घड्या जुळेनात. मग बाबांच्या फोनवर उत्तर आलं आणि ते शीतलने मला वाचून दाखवलं:

'सगळं वाचलं पोहे म्या नाही मोजले ते हिनं केले माह्यावर कायले ढकलता शेंगदाणे सरले होते चूप राह्य वो माइक चालू आहे चालू आहे तं राहू द्या त्यायनंबी चालूच ठेवला होता पोराले बत्तीस दात आहेत येऊन मोजून घ्या अन् पोरीचं शेवटलं वर्ष आमी पुरं करू तिनं पुसलं ते बरं केलं नाही तं आमाले कसं समजलं असतं'

नाक ओढून शीतल म्हणाली, "दादा, खाली अजून एक ओळ आहे."

"वाच."

"'तिच्या भावालेबी थोडं शिकवा.'"

लग्न झालं, शीतलचं वर्षही पुरं झालं. आता दिलीप म्हणतो, पुढची यंत्रं याच्याही वरची येतील. बोलायचंही काम नाही, मनात आलं की उमटणार. मला धडकी भरली. पाटी असो की पेन, मनातलं उतरेपर्यंत मध्ये हात असायचा. हात दुखायचा, थांबायचा, तेवढ्यात थोडी अक्कल यायची. पण हाताने लिहिला असता, तर त्या होकारात शीतलचं वाक्य मी कधीच लिहिलं नसतं, हेही खरं.

मागच्या सुट्टीत कामरगावला गेलो. विहीणबाईंनी पोहे दिले. बशीत शेंगदाणेच शेंगदाणे, पोहे हुडकावे लागत होते! मी म्हणालो, "लय मस्त झाले." मनात काय आलं ते इथे सांगत नाही. म्हणून तर हे सगळं पेनाने लिहिलं आहे. अक्षर म्हणजे कुत्र्याचे पाय मांजराला. पण तोंड बंद ठेवून लिहिता येतं, हे काय थोडं झालं!