हिरवा तलाव

मुलीनं शाळेच्या प्रदर्शनासाठी आमच्या गावचा तलाव काढला. हिरव्यात थोडा मातकट रंग मिसळून तिनं अंगठ्याचे ठसे दिले, आणि पाणी झाकून टाकणारी शिंगाड्याची पानं तयार झाली. चित्रकलेच्या मॅडम म्हणाल्या, "पाणी निळं कर, तरच भिंतीवर लावीन." मुलगी रडत घरी आली. म्हणे, "आता मी चित्रच काढत नाही."

माझं डोकं फिरलं. लहानपणी माझ्याही तलावावर गुरुजींनी निळा ब्रश फिरवला होता. तो राग अजून गेलेला नाही. मी तडक शाळेत गेलो.

"मॅडम, वर्ग तलावावर न्या. एक पोरगं जरी निळं म्हणालं, तर मीच रंगवून देतो."

"तेवढा वेळ नाही, भाऊ. कोपऱ्यात तरी थोडा निळा द्या."

"कायले देऊ? कोपऱ्यातही शिंगाडेच हायेत!"

मोहाडीच्या बाजारात मी धानाच्या भावात शेवटी थोडं सोडतोच. इथं काहीच सोडलं नाही. चित्र उचललं आणि बाजारात माझ्या दुकानावर टांगलं. शिंगाडे विकणारी बाई थांबली. "अवो, हा तं आपला तलाव! पन शिंगाडे तोडाची माही नाव कुठी हाये त्यात?"

माझ्याजवळ बसलेली मुलगी तिथंच रंग उघडून होडी काढायला बसली.